नीरफणसावरचा प्रबंध

सेरूपेपेली आमच्या सुवाच्या विद्यापीठात पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या एका हातात गुंडाळलेली चटई होती आणि दुसऱ्या हातात झाकणाची बादली. बादलीत संशोधनाचा आराखडा होता. बोटीत सगळं भिजतं, झाकणाची बादली आतून भिजत नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. आराखडा कोरडाठाक पोचला. तो भिजला असता तर आपले दोन महिने वाचले असते, असं तारूसिला मॅडम पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगत.

सेरू यानुवुला बेटावरच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक. तीन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणजे जो घंटा वाजवतो आणि वादळ यायच्या आधी छपरावर चढून दोर आवळतो तो. वय चाळिशीच्या पुढे, कानांवरचे केस पांढरे. खात्यानं त्याला एम. ए.साठी दोन वर्षांची रजा दिली होती. तेवढ्यात प्रबंध सादर झाला तर पदवी. नाही झाला तर तसंच परत बेटावर, आणि पुन्हा रजा मागायची नाही. यानुवुलावरून आजवर कोणी एम. ए. झालं नव्हतं. हे आजवर कोणाला खटकलंही नव्हतं. पण सेरू निघाला तसं ते सगळ्या बेटाला एकदम खटकायला लागलं, आणि धक्क्यावर निरोपाला आलेला प्रत्येक माणूस ‘रिकाम्या हातानं येऊ नको’ असं बजावून गेला.

तारूसिला मॅडम त्याच्या गाइड. मीही त्याच विभागात शिकवतो; त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. विभाग वाढला तेव्हा एका खोलीच्या दोन केल्या होत्या, मध्ये प्लायवुड. पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडून ‘जपा’ म्हणता येत असे. मॅडम लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या. आवाज चर्चच्या गायकांत खालच्या पट्टीला लावावा असा. विद्यार्थ्यांचे कागद त्या हिरव्या शाईनं तपासत, कारण लाल शाईला मुलं घाबरतात असं त्यांचं मत होतं. हिरव्यालाही घाबरत. निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. सेरू हा शेवटचा. एवढा पार लावायचा आणि मग नासेईलोआला, आपल्या गावी, खाडीत गळ टाकून बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिली भेट मी भिंतीतून ऐकली.

“बस. कुठला तू?”

“यानुवुलाचा, मॅडम.” आवाज जमिनीजवळून येत होता. म्हणजे खुर्ची सोडून तो खाली, आपल्या चटईवर, मांडी घालून बसला होता.

“यानुवुला,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे चोरांचं बेट.”

चटई सळसळली.

“आमच्या नासेईलोआची होडी पळवून नेली ते तुम्हीच ना?”

खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि एकाएकी दुपटीनं वाढलेला सेरूचा आवाज. “नासेईलोआ! चिखलातली! अगं, आधी सांगायचंस ना. मी मघापासून इथे गुडघे मोडून घेतोय!”

त्यानंतर डबा उघडल्याचं ऐकू आलं. मॅडमच्या जेवणातला उकडलेला कसावा त्यानं न विचारता खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाला.

ही दोन गावं एकमेकांची ताउवू. दोघांचा मूळपुरुष एक, असं दोन्हीकडचे म्हातारे सांगतात. होडी कोणी कोणाची चोरली यावर मात्र अजून चर्चा चालू आहे. ताउवू भेटला की त्याची वस्तू न विचारता उचलायची. त्याच्या गावाचा, अकलेचा आणि जेवणाचा उद्धार करायचा, आणि त्यानं तो सव्याज परत करायचा. राग मानायचा नाही. अदब ठेवायची नाही. अदब परक्यांसाठी असते. त्या दिवसापासून सेरू हा ‘सडक्या’ झाला आणि मॅडम ‘चिखलाबाई’. आमचे विभागप्रमुख ऑस्ट्रेलियातून आलेले सद्गृहस्थ. कोणीतरी त्यांना या दोन शब्दांचे अर्थ सांगितले. ते चिंतेनं माझ्याकडे आले, विद्यार्थ्याची काही तक्रार आहे का म्हणून. मी म्हटलं, काळजी नसावी, सुरळीत चाललंय. त्यांनी तरीही कामाच्या जागी कसं बोलावं याची एक पुस्तिका दोघांसाठी पाठवली. सेरूनं त्यात मासळी गुंडाळून नेली.

आराखड्याचं नाव होतं ‘प्रशांत महासागरातील अन्न : काल, आज आणि उद्या’.

“महासागर केवढा आहे ठाऊक आहे का, सडक्या?”

“बोटीनं आलोय मी. तुझ्यासारखा बसनं नाही.”

“मग तो आख्खा कशाला आणलास? दोन वर्षं आहेत तुझ्याकडे. आणि ‘उद्या’चं तुला कोण सांगून गेलं? देव? देव यानुवुलाला येत नाही. वास येतो तिथे.”

“तो वास नाही, जेवण आहे.”

“तेच लिही मग.”

“काय?”

“वास. तुमचा तो खड्डा. मूर्खा, आख्ख्या महासागरात तुझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे.”

खड्डा म्हणजे नीरफणसाचा. हंगामात नीरफणस इतके पिकतात की डुकरंही तोंड फिरवतात. पूर्वी बेटोबेटी ते सोलून, पानांनी अस्तर केलेल्या खड्ड्यात भरून, वर दगड ठेवून आंबवत. वादळानं बागा झोपवल्या की गाव त्या खड्ड्यावर जगे. आता वादळानंतर सरकारी तांदूळ येतो, आणि खड्डे बुजले. यानुवुलावर ते अजून भरतात. काही अंशी निष्ठा म्हणून, काही अंशी सरकारी बोट यानुवुलाला सगळ्यात शेवटी येते म्हणून. आंबलेल्या पिठाची भाकरी भाजतात. ती खाणाऱ्याला आवडते. खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर जावं लागतं.

विषयाचा महासागर खड्ड्याएवढा करायला पावसाळा गेला. सेरू दर आठवड्याला पानं आणी, मॅडम त्यांवर हिरवी शाई ओतत. ‘हे तुला कोणी सांगितलं?’ ‘हे वाक्य पोहता येत नसताना पाण्यात शिरलंय.’ ‘इथे तू झोपला होतास. मीही झोपले.’ सेरूचं म्हणणं होतं की गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं की काम झालं; त्याची वितिनिया आत्या जन्मभर खड्डे भरत आली होती. मॅडमनी टेबलावर थाप मारली. प्लायवुड हललं.

“विचारून काय लिहिणार? आत्या म्हणाली, अमुक म्हणाली? खड्डा भरताना तू तिथे हवास आणि उघडताना तू तिथे हवास. दोन्ही टोकं डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक ओळ घेणार नाही मी. समजलं? नासेईलोआत आम्ही मासा पकडल्यावर मग त्याची लांबी सांगतो.”

“नासेईलोआत मासे नसतातच. बेडूक असतात.”

तसं ठरलं. जानेवारीत सेरू बेटावर गेला, खड्डा भरताना उभा राहिला, आत्याच्या शिव्या खात फणस सोलले, आणि परत येऊन दोन प्रकरणं लिहिली. ती चांगली होती. मॅडमनी त्यावर ‘यानुवुलाच्या माणसाला लिहिता येतं ही अफवा खरी दिसते’ असं लिहिलं. खड्डा इथल्या थंडीत, जूनच्या सुमाराला उघडायचा होता. तो बघून शेवटचं प्रकरण लिहायचं, आणि डिसेंबरात रजा संपायच्या आत प्रबंध सादर.

मार्चमध्ये मॅडमनी हा बेत अचानक फिरवला.

“सडक्या, खड्डा राहू दे. आहे त्यावर लिही आणि जूनपर्यंत दे मला.”

“का? घाई काय?”

“मी मरणार आहे.”

“मग आधी मर. निदान हिरव्या शाईचा त्रास तरी वाचेल.”

भिंतीअलीकडे ते रोजच्या बोलण्यासारखंच ऐकू आलं. दुसऱ्यांदा त्यांनी त्याला बसस्टॉपवर सांगितलं, हे सेरूनंच मला नंतर सांगितलं. पोटात गाठ निघालीय, डॉक्टर म्हणतो वर्ष निघणार नाही. सेरूनं विचारलं, डॉक्टर कुठल्या गावचा? त्यांनी कुठलंतरी गाव सांगितलं. सेरू म्हणाला, त्या गावचे लोक मोजण्यात कच्चे, गाठ नसेल ती, मी तुझ्या डब्यातून चोरून खाल्लेला कसावा असेल, तुझ्याच पोटात गेला चुकून. मॅडम खूप हसल्या, बस आली.

यात सेरूचं काय चुकलं, ते मला आजही सांगता येणार नाही. ज्या बाईनं दोन्ही टोकं बघितल्याशिवाय ओळ घेणार नाही म्हणून टेबल बडवलं, तीच आता म्हणत होती की एका टोकावर भागव. ताउवू असं करतोच. आधी झाडावर चढवतो, मग शिडी काढून घेतो. सेरूला वाटलं, ही त्याची परीक्षा आहे, आणि तो ती पास होतोय.

पुढच्या बोटीचा भरवसा नसतो म्हणून तो एप्रिलच्या शेवटीच निघाला; आदल्या दुपारी निरोप घ्यायला आला.

“सेरूपेपेली,” मॅडम म्हणाल्या.

त्याला पूर्ण नावानं हाक मारलेली मी प्रथमच ऐकली.

“तू आत्ता जाऊ नयेस, अशी माझी विनंती आहे. जेवढं झालंय तेवढ्यावर लिही. तुझा प्रबंध पुरा झालेला मला वाचायचा आहे. माझी तब्येत बरी नाही.”

सेरू हसायला लागला. तो इतका हसला की त्याची खुर्ची मागे जाऊन प्लायवुडवर आदळली आणि माझं कॅलेंडर पडलं.

“विनंती! चिखलाबाई विनंती करतायत! अगं, हे आजवरचं सगळ्यात भारी झालं! थांब, थांब, मलाही येतं.” त्यानं घसा साफ केला. “आदरणीय महोदया, आपल्या तब्येतीबद्दल ऐकून मला अतिशय...” पुढे त्याला बोलताच येईना.

थोड्या वेळानं मॅडमही हसल्या. मोठ्यानं, खालच्या पट्टीत, नेहमीसारख्या.

“जा,” त्या म्हणाल्या. “बोटीतून पडलास तर बादली धर. तुझ्यापेक्षा ती बरी तरंगते.”

सेरू गेल्यावर काही दिवसांनी मॅडम माझ्या खोलीत आल्या. सेरूची सगळी पानं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“भैया,” त्या म्हणाल्या; इथे भारतीय वंशाच्या माणसाला सगळे भैयाच म्हणतात. “याच्या कागदांवर दुसरा गाइड म्हणून तुझं नाव आहे. कधी काही वाचलंस?”

“नाही.”

“आता वाच.” आणि मग उभ्याउभ्याच त्यांनी मला सगळं सांगितलं, एखाद्या मीटिंगचा वृत्तांत सांगावा तसं.

“मी बेटावर फोन करतो,” मी म्हटलं.

“नको करू.”

“तो धावत येईल.”

“म्हणूनच. गेला महिनाभर सगळे माझ्याशी कुजबुजत बोलतात. भाऊ, भावजय, पाद्री. काल भाजीवाली पण कुजबुजली, आणि तिनं वर दोन वांगी दिली. मोठ्यानं बोलणारा एकच राहिलाय मला. त्यालाही बोलावून रांगेत बसवू?”

“आणि प्रबंध?”

“तो तर हवाच आहे,” त्या म्हणाल्या. “पुरा हवाय. माझ्या डोळ्यांदेखत.” मग दारापर्यंत जाऊन वळल्या. “जूनमध्ये उघडेल खड्डा. जूनला मी कुठे जाते?”

खड्डा जूनमध्ये उघडला नाही. पहिला घास बेटाच्या सरदाराचा असतो, आणि सरदार मोतीबिंदू काढायला सुवाला आले होते. इथल्या पुतण्याचा टीव्ही त्यांना नव्या डोळ्यांनी फारच स्वच्छ दिसू लागला, म्हणून ते रग्बीचे सामने संपेपर्यंत राहिले. मॅडम जिथे झोपून होत्या त्या सरकारी दवाखान्यापासून ते घर जेमतेम दोन वळणांवर. सेरू तिकडे बेटावर बंद खड्ड्याशेजारी बसून त्यांची वाट बघत होता, मॅडम इकडे सेरूची. मी संध्याकाळी जात असे. मॅडमचा धाकटा भाऊ वाईसाले उशाशी असायचा. मोठा गडी, हाताला खाडीच्या चिखलाचे कायमचे डाग. मी आत शिरलो की मॅडम डोळे न उघडता विचारायच्या, “बोट?” मी नाही म्हणायचो. “सडक्या तो,” त्या म्हणायच्या, आणि पुन्हा झोपायच्या.

ऑगस्टमध्ये बोट आली. सेरू धक्क्यावरून सरळ विभागात आला, बादली घेऊन, उन्हानं काळा ठिक्कर पडलेला. शेजारच्या खोलीला कुलूप. त्यानं ते हलवून बघितलं आणि माझ्या दारात उभा राहिला.

“चिखलाबाई कुठे उलथली?”

मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला. “तुम्हालाही सामील करून घेतलं तिनं? वा, भैया.”

मी गाडीची किल्ली घेतली. दवाखान्यापर्यंत तो उत्साहानं खड्ड्याबद्दल बोलत होता. वरचा थर, खालचा थर, आत्यानं सरदाराला टीव्हीवरून काय ऐकवलं.

मॅडम उशीत बुडाल्या होत्या. होत्या त्याच्या निम्म्या. सेरू बादली हातात धरून उभा. वाईसालेनं त्याला बसायला जागा करून दिली.

“मेली नाहीस अजून?” सेरू म्हणाला. आवाज नीट लागला नव्हता, पण शब्द बरोबर होते.

मॅडमचे डोळे उघडले. “तुझी वाट बघत होते. यानुवुलाचे लोक मेल्यावरही उशिरा येतात.” मग नाक किंचित हललं. “काय आणलंस त्यात?”

त्यानं झाकण काढलं. केळीच्या पानात त्या खड्ड्यातल्या पिठाची भाकरी होती. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. नर्स धावत आली, कोणाचं काय सांडलं म्हणून ओरडत. मॅडम हसायला लागल्या आणि मग त्यांना ते हसणं झेपेना. सेरूचे डोळे भरून आले.

“ए,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “रडायचं नाही. रडणारे माझ्याकडे पोत्यानं आहेत. तू वाचायचंस. प्रकरण कुठाय?”

“लिहायचंय अजून.”

“मग इथे कशाला बसलास, दिवे लावायला? जा, लिही.”

तो लिहायला बसला. रात्र नाही, दिवस नाही. मॅडमच्याच खोलीत, त्यांच्या खुर्चीवर, कुलूप काढून. भिंतीतून फक्त टाइप केल्याचा आवाज येई. प्रकरण झालं तसं तो ते घेऊन दवाखान्यात गेला. मी बाहेर बाकावर थांबलो. आत तो वाचत होता, मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसं. बराच वेळ वाचत होता. मग थांबला.

बाहेर आला तेव्हा कागद त्यानं छातीशी धरले होते. माझ्याशेजारी बसला.

“काय म्हणाल्या?”

“‘छान लिहिलंयस’ म्हणाली.”

“एवढंच?”

“‘छान लिहिलंयस, सेरू. धन्यवाद,’ असं म्हणाली.” त्यानं कागद मांडीवर ठेवले आणि कडा जुळवल्या. “भैया, ती खरंच चालली हो.”

तोपर्यंत त्यानं गाठ मानली होती, डॉक्टर मानला होता, ती निम्मी झालेली बाई डोळ्यांनी बघितली होती. विश्वास त्याचा त्या एका वाक्यावर बसला.

सप्टेंबरात त्या गेल्या. नासेईलोआला अंत्यविधी. यानुवुलाच्या बाजूनं रिवाजाचा मान म्हणून देवमाशाचा दात पुढे ठेवायला सेरू आणि सुवात राहणारे त्याचे चारदोन भाऊबंद. पण ताउवूचं काम तेवढ्यावर संपत नाही. रडणाऱ्या घरात धिंगाणा घालणं हेही त्याचंच काम. त्याशिवाय घरच्यांच्या छातीवरचा दगड हलत नाही. सेरूनं ते चोख केलं. मॅडमचा चर्चचा झगा अंगात घातला, तो पाठीवर उसवला. हातात हिरवं पेन घेऊन कबर खणणाऱ्यांच्या डोक्यावर उभा राहिला. “हे काय खणलंय? कोणी सांगितलं तुम्हाला? दोन्ही टोकं मोजलीत का? पुन्हा खणा!” शववाहिकेसमोर आडवा झोपला आणि चोरलेली होडी परत द्या म्हणाला. बायका डोळे पुसता पुसता हसल्या. वाईसाले मातीच्या ढिगावर बसून पोट धरून हसला, कितीतरी दिवसांनी. सगळे म्हणाले, असा ताउवू मिळायला भाग्य लागतं.

दुपारी मी हात धुवायला स्वयंपाकाच्या छपरामागे गेलो. तिथे सेरू, उसवलेल्या झग्यात, एक भांडं घासत होता. ते स्वच्छ होतं. मी हात धुऊन निघालो तरी तो तेच घासत होता.

आता गाइड मी. सेरूची पानं मी मन लावून वाचली आणि पेन्सिलीनं बारीक अक्षरात सूचना लिहिल्या. ‘हा मुद्दा थोडा विस्तारता येईल का?’ ‘सुंदर निरीक्षण.’ एक दिवस तो माझ्यासमोर येऊन बसला.

“भैया, हे असं नका लिहू.”

“कसं?”

“‘येईल का?’ काय? येईल की नाही ते सांगा ना. जरा घाण बोला.”

मी प्रयत्न केला. पुढच्या पानावर ‘हा परिच्छेद गाढवाचा आहे’ असं लिहिलं. सेरूनं ते वाचलं आणि मान खाली घालून “सॉरी, सर” म्हणाला. आम्ही दोघांनीही तो नाद सोडला. शेवटच्या प्रकरणावर हिरव्या शाईचा एक ठिपका नव्हता. ते तसंच, न खोडलेलं, प्रबंधात गेलं. बाहेरच्या परीक्षकांनी नेमकी त्याचीच स्तुती केली. सेरूनं अहवाल वाचून घडी घातली आणि म्हणाला, “यांनी नीट वाचलेलं दिसत नाही.”

रजा संपायच्या आत सगळं झालं. राहिलं फक्त आभाराचं पान. सेरूनं ते स्वतः लिहिलं होतं:

‘हा प्रबंध पुरा व्हायला उशीर झाला त्याला नासेईलोआची एक चिखलखाऊ बाई कारण आहे. स्वतःला लिहिता येत नसल्यामुळे ती दुसऱ्यांचं लिहिलेलं खोडत असे. जिथे वाचकाला कंटाळा येईल तिथे ती झोपली होती असं समजावं. ती वेळेवर मरण्याइतकीसुद्धा शिस्तीची नव्हती, आधीच गेली. तिच्या गावानं आमची होडी अजून परत केलेली नाही.’

परीक्षा विभागातून पान परत आलं. मी वर जाऊन भेटलो. तिथली बाई समंजस होती, आणि इथलीच.

“सर, मला कळतं हो ताउवू म्हणजे काय,” ती म्हणाली. “वाचून मीच रडले. पण हे छापून वाचनालयात राहणार. दिवंगत प्राध्यापिकेबद्दल असा मजकूर उद्या कोणी परका वाचेल, त्याला मी कुठे समजवायला जाऊ? नियम आहे.”

तिचं चुकलं नव्हतं. सेरूलाही तसं वाटलं नाही. त्याला फक्त दुसरं काही लिहिता येईना. दोन दिवस तो कोरं पान घेऊन बसला; शेवटी म्हणाला, तुम्हीच लिहा. मी लिहिलं. ‘माझ्या दिवंगत मार्गदर्शिका, आदरणीय डॉ. तारूसिला यांच्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल मी त्यांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.’ सेरूनं वाचलं. “हो,” म्हणाला. “असंच लिहितात.”

बांधून आलेल्या प्रतींपैकी एक गाइडची असते. ती वाईसालेला द्यायची म्हणून बेटाची बोट धरायच्या आदल्या दिवशी सेरूला घेऊन मी नासेईलोआला गेलो. वाईसाले खाडीवरून आला, ढोपरापर्यंत चिखल.

“आलास? आता काय चोरायचं राहिलंय?”

“तुझी अक्कल न्यायला आलो होतो, पण मोठी पिशवी आणलीय, फुकट गेली.”

“बस, चोरा. हे घे, पी.” आम्ही चटईवर बसलो. यंगोनाची, त्या मुळीच्या पेयाची, वाटी एकदा फिरली, रिवाजाच्या टाळ्या झाल्या. सेरूनं प्रबंध त्याच्यापुढे ठेवला. वाईसालेनं हात लुंगीला दोनदा पुसले आणि निळ्या कापडी पुठ्ठ्यावरून फिरवले. बहिणीचं नाव कुठे आहे असं त्यानं विचारलं. मी पान काढून दिलं.

त्यानं सावकाश, ओठ हलवत वाचलं. इंग्रजी होतं, वेळ लागला. वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. मग प्रबंध मांडीवर मिटून सेरूकडे बघितलं. चेष्टा त्याच्या तोंडावरून पार गेली होती.

“सेरू,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “शेवटी शेवटी तुमचं दोघांचं काही भांडण झालं होतं का?”

सेरूनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी फेकेल तो; होडी, चिखल, बेडूक, काहीही. वाईसालेही वाट बघत होता.

“नाही,” सेरू म्हणाला. “नाही झालं.”

वाईसालेनं मान हलवली, आणि वाटी भरून, दोन्ही हातांनी, परक्या पाहुण्याला देतात तशी त्याच्यापुढे धरली.